कात्री हातात घेण्याआधी

प्रस्तावना

फोन बहुतेक संध्याकाळी येतात. सांगलीहून, नाशिकहून, संभाजीनगरहून, कधी थेट पणजीहून. पलीकडे बारावी झालेली मुलगी असते, आयटीआय अर्धवट सोडलेला मुलगा असतो, सलूनमध्ये वर्षानुवर्षं खुर्चीमागे उभा राहिलेला कारागीर असतो, नाहीतर मुलं हाताशी आल्यावर स्वतःचं काही उभं करू पाहणारी बाई. प्रश्न ठरलेले. कोर्स किती दिवसांचा? मशीन कुठलं घ्यायचं? महिन्याला किती सुटतात? आणि शेवटी, थोडं थांबून, "मला कुत्रे खूप आवडतात हो."

हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं या पुस्तकात आहेत. पण हा धंदा ज्या प्रश्नापासून सुरू होतो तो फोनवर सहसा कुणी विचारत नाही: टेबलावर उभ्या असलेल्या कुत्र्याच्या अंगावर जे केस आहेत, ते कशासाठी आहेत? हे ठाऊक नसेल तर महागातलं मशीन फक्त लवकर नुकसान करतं. म्हणून पुस्तकाची सुरुवात केसांपासून आणि त्वचेपासून केली आहे, आणि कात्रीचं प्रकरण बरंच मागे ठेवलं आहे.

आपल्याकडे कुत्रा नवा नाही. जेजुरीला खंडोबाबरोबर त्याला मान आहे, दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे आहेत, धनगरवाड्यावर राखणीला तो आहेच. पण या कुत्र्यांना कात्रीची गरज कधी पडली नाही. दख्खनचा कारवान घ्या. अंगासरशी बसलेले आखूड केस, लांब पाय, खोल छाती. ओल्या फडक्याने पुसला तरी तो चकाकतो. त्याच्यातल्या पश्मी या प्रकाराच्या कानांवर, पायांवर आणि शेपटीवर रेशमी झालर असते, तीही फणीने दोन मिनिटांत मोकळी होते. इथल्या उन्हाने आणि इथल्या शिकारी-मेंढपाळांनी मिळून घडवलेलं ते अंग आहे. कुत्र्यांच्या केसांची निगा राखणारा ग्रूमर आपल्याकडे आला तो वेगळ्या कुत्र्यांमागोमाग. शित्झू आणि ल्हासा अप्सो यांचं मूळ तिबेटच्या थंड पठाराकडचं. त्यांचे केस लॅब्रेडोरसारखे हंगामात गळून पडत नाहीत, वाढतच राहतात. तो कुत्रा आता ठाण्यात बाराव्या मजल्यावर राहतो, जुलैच्या दमट हवेत, आणि घरातली दोन्ही माणसं सकाळी साडेआठला कामावर जातात. रोज विंचरायला हवेत असे केस, आणि रोज विंचरायला कुणी नाही. आपल्या शहरांतला हा सगळा व्यवसाय या पेचावर उभा आहे.

बाहेर या कामाला मोठी परंपरा आहे. पूडल हा मुळात पाण्यात उतरून शिकार आणणारा कुत्रा. पोहताना केसांचं ओझं होऊ नये म्हणून अंगावरचे केस काढायचे आणि छाती व सांधे गार पडू नयेत म्हणून तिथले ठेवायचे, अशी त्याच्या त्या नटव्या दिसणाऱ्या कटाची व्यवहारी सुरुवात सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये सेन नदीच्या पुलांवर आणि घाटांवर कुत्र्यांचे केस कापणारे स्त्री-पुरुष बसत; त्यांची चित्रं आजही बघायला मिळतात. 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, प्रदर्शनं वाढली आणि प्रत्येक जातीचा कट कसा असावा याचे दंडक पडले. 1919 मध्ये अमेरिकेत लिओ वॉल यांनी माणसांसाठी विजेवर चालणारं क्लिपर बनवलं. हातातलं यंत्र विजेवर चालू लागल्यावर प्राण्यांच्या कामाचा वेगही बदलला. 1969 मध्ये तिथल्या ग्रूमरांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना उभी केली. ब्रिटनमध्ये सिटी अँड गिल्ड्सची परीक्षा आहे, जपानमध्ये केनेल क्लबचं प्रमाणपत्र आहे. आपल्याकडे मात्र कुणीही आज क्लिपर विकत घेऊन उद्या पाटी लावू शकतो. त्यासाठी कसलीच परीक्षा नाही आणि परवानाही नाही. मला हे या व्यवसायाचं सगळ्यात मोठं दुखणं वाटतं, आणि पुस्तक लिहायला बसण्यामागे ते एक कारण आहे.

आता केसांकडे येऊ. नवख्या माणसाने पहिल्या महिन्यात एवढंच शिकलं तरी पुष्कळ झालं.

जर्मन शेफर्ड, लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की, आपल्या गल्लोगल्ली दिसणारा स्पिट्झ (ज्याला सगळे पॉम म्हणतात) यांच्या अंगावर दोन थर असतात. वरचे केस राठ आणि लांब, खालची लव दाट आणि मऊ. वरचा थर ऊन आणि पाणी अडवतो, खालचा थर त्वचेजवळ हवा धरून ठेवतो. थंडीत तो ऊब देतो, आणि नीट विंचरलेला असेल तर उन्हाची झळ थेट त्वचेपर्यंत जाऊ देत नाही. एप्रिल उजाडला की दुकानात एक वाक्य रोज ऐकू येतं: "उन्हाळा आहे, हस्कीला झिरो मारून टाका." मालकाचा हेतू चांगला असतो. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि शरीर थंड होतं ते धापा टाकून. केस उडवल्याने त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही, उलट उघडी पडलेली त्वचा उन्हात भाजते. शिवाय दुथरी केस एकदा मुळापाशी कापले की पुन्हा पूर्वीसारखे येतीलच असं नाही. काही कुत्र्यांत महिनोन्‌महिने टक्कल राहतं, काहींत खालची लव आधी वाढते आणि अंग ठिगळं लावल्यासारखं दिसतं. त्या कुत्र्याला हवी असते ती सुटलेली लव रेकने आणि ब्लोअरने नीट काढून घेणं, आणि दुपारी पंख्याखाली गार फरशी. झिरो मारायला वीस मिनिटं लागतात, लव काढायला दोन तास. पैसे दोन्हीचे सारखेच मिळत असतील तर नवा माणूस काय निवडेल हे सांगायला नको. म्हणून दरपत्रक कसं लावायचं हे मी केसांच्याच प्रकरणात घेतलं आहे, हिशेबाच्या प्रकरणात नाही.

त्वचेचंही तसंच आहे. कुत्र्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा स्तर तीन ते पाच पेशींइतका जाड, माणसाचा दहा-पंधरा पेशींचा. माणसाच्या त्वचेचा पीएच साधारण 5.5, कुत्र्याचा 7 च्या आसपास. आपल्या शाम्पूने, भांड्याच्या साबणाने किंवा डेटॉल घातलेल्या पाण्याने दर आठवड्याला अंघोळ घातलेला कुत्रा खाजवत खाजवत दुकानात येतो, तेव्हा मालक आधी गोचीड शोधत असतात. गोचीड असतातही. पण पुष्कळदा दोष बादलीतला असतो.

अंघोळीनंतर वाळवणं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. पावसाळ्यात मुंबई-कोकणाकडे बाहेरून कोरडा वाटणारा कुत्रा खाली त्वचेशी ओला राहतो, आणि दोन दिवसांत पोटाखाली, बोटांच्या बेचक्यात, कानात बुरशी धरते. ब्लोअर मुळापर्यंत पोचवावा लागतो, केस थरथराने उघडत. आणि याच कामात सर्वांत मोठा धोकाही आहे. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. 105 च्या पुढे गेलं की जिवावर बेततं. पग, बुलडॉग, शित्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकूनही अंग थंड करणं जड जातं. अशा कुत्र्याला गरम हवेच्या पेटीत ठेवून दुसऱ्या कुत्र्याकडे वळायचं, ही पद्धत काही ठिकाणी दिसते. तुमच्या दुकानात ती असू नये. गरम हवा चालू असताना माणूस कुत्र्याशेजारून हलत नाही, ग्राहकाचा फोन वाजला तरीही नाही.

गुंत्याबद्दल जरा थांबून लिहिते, कारण शिकणाऱ्याची खरी परीक्षा तिथे होते. 2020 च्या टाळेबंदीत दुकानं बंद राहिली आणि उघडल्यावर जे कुत्रे आले, ते या धंद्यातला कुणीच विसरणार नाही. वरून विंचरलेला शित्झू गुळगुळीत दिसतो. बोटं मुळापर्यंत घातली की खाली टणक थर लागतो. कानामागे, काखेत, जांघेत, पट्ट्याखाली, जिथे अंग अंगावर घासतं तिथे तो आधी धरतो. मालकाने घरी न सोडवताच अंघोळ घातलेली असेल तर आणखी आवळलेला असतो. कुत्रा लंगडत असेल तर पायाला काही झालंय असं वाटतं. खरं तर काखेतली जट पाऊल टाकताना कातडी ओढत असते.

अशा वेळी फणी हाती घ्यायची नाही. 10 नंबरचं ब्लेड लावायचं. ब्लेडचा नंबर जितका मोठा तितका कट आखूड, हे आधी पाठ करून ठेवा: 7F साधारण तीन मिलिमीटर केस ठेवतं, 10 दीड, आणि 40 जवळजवळ काहीच नाही. ब्लेड त्वचेला सपाट धरायचं, टोक खाली रुतू द्यायचं नाही, आणि जट व त्वचा यांच्यातल्या जेमतेम जागेतून हळू पुढे न्यायचं. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, कारण काखेत आणि जांघेत ती सैल असते आणि दातांत येते. मध्येमध्ये ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. चटका बसला तर बदलायचं. जट घोंगडीच्या तुकड्यासारखी एकसंध सुटून येते. खाली लालभडक त्वचा असते, ओल असते, गोचीड असतात, कधी आत घुसलेलं गवताचं कुसळ आणि त्याभोवती पू. कानावरची जट निघाली की दाबलेलं रक्त एकदम फिरायला लागतं, कुत्रा जोरजोरात डोकं झटकतो, आणि पाळीत रक्त साकळून कान फुगतो. म्हणून कान मोकळे केल्या केल्या डोक्याभोवती मऊ कापडी पट्टी बांधायची आणि तसाच थोडा वेळ ठेवायचा. मालकालाही सांगून पाठवायचं की दोन दिवस कानांवर लक्ष ठेवा.

मालकाने सांगितलेला असतो टेडी कट. दोन तासांनी त्याच्या हाती येतो उघडा, गुलाबी, लहानसा कुत्रा. काहींच्या डोळ्यांत पाणी येतं, काही भांडतात. हे बोलणं कुत्रा टेबलावर चढवण्याआधी व्हायला हवं. मालकाचं बोट धरून ते जटेखाली न्यायचं, त्यालाच तो टणक थर लागू द्यायचा, आणि मग सांगायचं: विंचरून सोडवता येईल, पण तीन तास हा कळवळत राहील आणि पुढच्या वेळी दाराशीच थरथरेल, केस सहा-आठ आठवड्यांत येतील. बहुतेक माणसं ऐकतात. जी ऐकत नाहीत त्यांना नाही म्हणायचं. दिसण्याआधी जीव, हा नियम ज्याला पाळता येत नाही त्याने या धंद्यात येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कट कसा मारायचा हे सहा महिन्यांत जमतं. कुठे थांबायचं हे जमायला वेळ लागतो, आणि लोक तुमच्याकडे परत येतात ते त्यासाठी.

थांबायचं कधी, ते कुत्रा सांगतो. ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघतो, शेपूट पोटाशी घेतो. गुरगुरणं त्यानंतरचं. गुरगुरण्यावर ओरडलात तर तो पुढच्या वेळी ती पायरी गाळेल. सर्वांत जास्त सावध राहायचं ते तो अचानक थिजतो तेव्हा. नवखा म्हणतो, "शांत झाला." जाणता हात मागे घेतो. नखांच्या वेळीही हेच थांबणं लागतं. काळ्या नखाच्या कुत्र्याला पकडून चार पंजे एकाच बैठकीत उरकायची घाई असते, आणि नेमकी तिथे नस कापली जाते. नखाचं टोक अगदी पातळ पातळ छाटत जायचं. कापलेल्या बाजूच्या मध्यभागी गडद ठिपका दिसू लागला की नस जवळ आली. रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर झाकण उघडून शेजारी ठेवलेली हवी, शोधायला लागता कामा नये. आणि आज दोनच पंजे झाले तर दोनच. उरलेले परवा, पैसे न घेता. शांत करायची गोळी कुत्र्याला देणं हे डॉक्टरचं काम आहे. ती ग्रूमरने कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून द्यायची नाही.

डॉक्टरांशी नातं कसं असावं यावर एक पूर्ण प्रकरण आहे. महिन्याला एकदा कुत्र्याचा इंच न् इंच हाताखालून जातो तो ग्रूमरच्या. स्तनाजवळची वाटाण्याएवढी गाठ, कानातला आंबूस वास, हिरड्यांचा फिकटपणा, आणि अंगावर गोचीड असलेला कुत्रा नेहमीपेक्षा मलूल, हे सगळं आधी त्याच्या लक्षात येतं. गोचीडतापात एखादा दिवसही महत्त्वाचा असतो. पण ग्रूमरने दिसलं ते सांगायचं, काय झालंय ते सांगायचं नाही. गाठीचा फोटो काढावा, जागा लिहून द्यावी, मालकाला डॉक्टरकडे पाठवावं. औषध सुचवू नये.

शिकायचं कुठे? मोठ्या शहरांत खासगी वर्ग आहेत, काही चांगले, काही निव्वळ प्रमाणपत्राचे. वर्ग बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा: प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताखाली खरे कुत्रे किती येतात, कुणाचे येतात, आणि कुत्र्याला लागलं तर जबाबदारी कुणाची. उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कुणा जाणत्याच्या हाताखाली राहणं. सलूनचं काम केलेल्यांना मी आवर्जून बोलावते. कंगव्यावर कात्री कशी चालवायची, हत्याराला धार कशी राखायची, गिऱ्हाईक खुर्चीत बसल्यावर त्याच्याशी कसं वागायचं हे त्यांच्या हातात आधीच असतं. फक्त इथलं गिऱ्हाईक हलतं आणि चावतं. अशा एका मुलाला त्याच्याच नात्यातल्या माणसाने "आता कुत्र्यांची हजामत करणार का" असं विचारलेलं मी ऐकलं आहे. ज्या कसबावर पिढ्यांनी घर चालवलं त्याचाही आणि मुक्या जनावराच्या सेवेचाही त्यात अपमान आहे. मुलींना घरून वेगळा विरोध होतो: केस, घाण, चावरे कुत्रे, लग्नाच्या बाजारात काय सांगायचं. त्यांच्या आईवडिलांनी हे पुस्तक वाचावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पैशांचं सरळ सांगते. शित्झूचं पूर्ण काम, म्हणजे विंचरणं, अंघोळ, वाळवणं, नखं, कान, कट, नीट केलं तर दोन ते तीन तासांचं आहे. एका माणसाला दिवसात चार कुत्रे पुष्कळ झाले. त्यातून जागेचं भाडं, वीज, पाणी, टॉवेल, ब्लेडला धार लावणं वजा करा. ज्याला पहिल्या वर्षीच बंगला बांधायचा आहे त्याने दुसरं काही बघावं. ज्याला चार वर्षांत घट्ट बसलेली गिऱ्हाइकी हवी आहे त्याला ती इथे मिळते, कारण कुत्र्याला मानवलेला हात माणसं सहसा बदलत नाहीत. सुरुवातीला मोठं हायड्रॉलिक टेबल नको, न हलणारं आणि रबराची चटई घातलेलं साधं टेबल चालतं. पैसे वाचवायचे नाहीत ते ब्लोअरवर आणि ब्लेडवर. मुद्रा योजनेत तारण न देता शिशु गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात थोडेच कामगार असलेल्या लहान दुकानाला नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यावी लागते. कामाला हंगामही आहे. दिवाळीआधी रांग लागते, रंगपंचमीनंतर रंगवलेले कुत्रे येतात आणि तो रंग केसांतून काढण्यात सबंध दिवस जातो, पावसाळाभर कान आणि पंजे.

स्वतःच्या शरीराचा हिशेबही मांडावा लागतो. दिवसभर उभं राहून कंबर जाते, मनगट जातं. ब्लोअरच्या आवाजाने कान जातात, म्हणून कानात बोळे हवेत. कुत्र्याच्या कानांवरही पट्टी हवी. आखूड राठ केस काट्यासारखे बोटांत घुसतात आणि पिकतात. हवेतल्या केसांसाठी तोंडावर मास्क हवाच. गजकर्णासारखी बुरशी कुत्र्याकडून माणसाकडे येते. जे म्हणतात की कुत्र्यांवर प्रेम असलं की पुरे, त्यांच्यासाठी हा परिच्छेद लिहिला आहे.

प्रकरणं ज्या क्रमाने लावली आहेत त्या क्रमानेच वाचावीत. दोन प्रकरणं त्वचा आणि केसांची, मग हात लावणं आणि कुत्र्याची देहबोली, मग अंघोळ आणि वाळवणं, मग नखं व कान, आणि त्यानंतर क्लिपर व कात्री. पहिले काही महिने फक्त अंघोळ आणि वाळवणं मिळालं तर नाराज होऊ नका. ओल्या अंगावर हात फिरवताना जे कळतं ते टेबलापाशी उभं राहून कळत नाही. आणि एक गोष्ट या क्रमाच्या बाहेरची आहे. काम सुरू करण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटा, कुत्र्यांचं काम करणार असल्याचं सांगा आणि चावण्याआधी घ्यायची रेबीजची लस पूर्ण करून घ्या. धनुर्वाताचीही. लस घेतलेली असली तरी कुत्रा चावला तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पुन्हा दवाखाना गाठायचा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याचं लसीचं कार्ड पहिल्याच भेटीत मागायचं. कार्ड नसेल तर कुत्र्याला आत घ्यायचं नाही, मग तो शेजाऱ्यांचा का असेना.